तुझा वड अजून जमिनीतच आहे

राजोडी, ९ फेब्रुवारी २०२५

आजीला झाडातलं काय कळतं, असं तू तुझ्या आईला फोनवर म्हणालीस. विनया माझी सून असली तरी खोटं सांगणार नाही, खोटं रचायला लागते तेवढी अक्कल तिला नाही. साठ वर्षं मी या वाडीत केळी लावल्या, पानवेल चढवली, सोनचाफ्याची कलमं बांधली. आणि तू, जिने जन्मात एक झाड वाढवलं, तेही वीतभर, ती मला कळतं की नाही ते सांगणार. हे आधी लिहून टाकलं. पोटात ठेवलं असतं तर पुढची अक्षरं वाकडी आली असती.

आता, चि. ज्ञानदा, आशीर्वाद. तू बरी असशीलच. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

मी पुण्याला येऊन गेले. दचकू नकोस, तुझ्याकडे येण्यासाठी नाही आले. आपल्या शेजारचा नर्सरीवाला एरॉल दरवर्षी वाडीवाल्यांची सहल काढतो. या वेळी जपानी बाग आणि बोन्साय बघायचं ठरलं. एक बाई ऐनवेळी पडली नि गुडघ्याला लागलं तिला, तिची सीट रिकामी राहिली. एरॉल म्हणाला, प्रेमलताकाकी, चला. सीट फुकट जाऊ नये म्हणून मी गेले. बसमध्ये सगळ्या आपल्याच बाया, अर्ध्या गाणी म्हणत होत्या, अर्ध्या उलट्या करत होत्या.

जपानी बाग म्हणजे काय ते सांगते, तू पुण्यात राहूनही बघितली नसशील. एवढी मोठी जागा आणि तिच्यात एक पपई नाही. केळ नाही, शेवगा नाही. खायचं म्हणून काही नाही. नुसतं गवत, तेही असं की त्याच्यावर पाय ठेवायचा नाही. झुडपं सगळी न्हाव्याकडून आल्यासारखी गोल. तळ्यात मासे, लाल, पांढरे, हे एवढे मोठे, आणि ते कोणी खात नाही. मी पहारेकऱ्याला विचारलं, मेले की काय करता. तो म्हणाला, आजी, पुढे चला.

पण एक गोष्ट बघितली ती डोक्यातून जात नाही. तिथे एका वाटेवर चालायला दगड बसवलेत. एक इथे, दुसरा लांब, तिसरा अगदी जवळ. मला वाटलं गवंड्याने दारू पिऊन लावलेत. तिथे एक बाई झुडपं कातरत बसली होती, मावळातली, नाव सीमा. तिला विचारलं. ती म्हणाली, मुद्दाम तसे आहेत. दगड सारखे लावले तर माणूस धाडधाड जातो. असे लावले की त्याला खाली बघावं लागतं, चाल मंदावते, आणि थांबला की नेमकं समोर काहीतरी बघण्यासारखं येतं. मी तीनदा चालून बघितलं. खरं आहे. ज्या दगडाशी थांबले तिथून पाणी पडताना दिसतं, एक पाऊल अलीकडून दिसत नाही. म्हणजे कोणीतरी बसून माझ्या पावलाचा विचार केला, मी जन्मायच्याही आधी म्हण. वाडीत आपण केळीचा विचार करतो, बैलाचा करायचो, माणूस कसा चालतो याचा कोणी केला नाही.

सीमाला विचारलं, ही झुडपं वर्षातून किती वेळा कातरता. ती म्हणाली, रोजच थोडी. एकदम कातरली तर कातरलेली दिसतात.

घरी आल्यावर मी विहिरीच्या वाटेला पाच दगड तसे टाकले. तुझा काका प्रल्हाद सकाळी पंप लावायला गेला आणि तिसऱ्या दगडाला अडखळून पडला. आता दगड कुंपणाला लावलेत. जपान्यांना प्रल्हाद माहीत नव्हता.

बसने परत येताना तुझ्या बिल्डिंगचा रस्ता लागला असं एरॉल म्हणाला. मला झोप लागली होती.

आजी


राजोडी, १६ फेब्रुवारी २०२५

मागच्या पत्राला उत्तर नाही. नसू दे, टपाल हल्ली बैलगाडीने जातं. दुसऱ्या दिवशीचं लिहायचं राहिलं होतं, ते लिहिते.

सकाळी आम्हाला एका डॉक्टरीणबाईंच्या गच्चीवर नेलं. तिथे शंभरेक बोन्साय, सगळ्यांच्या गळ्यात नावाची चिठ्ठी, शाळेतल्या पोरांसारखी. हात लावू नका, श्वास जपून घ्या, असा प्रकार. मी तिथे काही बोलले नाही. विचार कर.

मग गावाबाहेर एका टेकडीखाली रामचंद्रराव म्हणून एक आहेत त्यांच्याकडे. कारखान्यात फिटर होते, आता झाडं करतात. तारेने फांद्या वळवायच्या, कात्रीने मुळं कापायची, असं चाळीस वर्षं. दाढी पांढरी, बोटं काळी. मला आजी म्हणाले. मी म्हटलं, आरशात बघून बोला. मग ताई म्हणू लागले.

त्यांची चिंच बघितली. माझ्या कमरेच्या खाली, आणि वय तुझ्या बापाएवढं. श्रीरंग चिंचेएवढा शांत असता तर बरं झालं असतं. पानं बारीक, जिरं सांडल्यासारखी. पण चिकूचं झाड होतं गुडघ्याएवढं, त्याला चिकू मात्र आपल्याच चिकूएवढे. मी विचारलं, पान लहान केलंत, फळ का नाही केलं. ते म्हणाले, फळ ऐकत नाही. फांदी ऐकते, पान ऐकतं, खोड ऐकतं. फळात बी असतं, तिथे झाड कोणाचं चालू देत नाही. हे मला ठाऊक नव्हतं. चिकूची तीस झाडं आहेत माझ्या वाडीत आणि हे मला ठाऊक नव्हतं.

मातीत बोट घालून बघितलं तर माती नाहीच, नुसती खडी. मी म्हटलं, हे जेवतं काय. ते म्हणाले, निंबोळी पेंड, थोडी थोडी, तुमच्या-माझ्यापेक्षा वेळेवर. दर दोन वर्षांनी झाड बाहेर काढतात आणि मुळं छाटतात. मी सरळ म्हटलं, हा छळ आहे. झाडाला पोटभर जमीन द्यायची सोडून ताटलीत बसवायचं आणि वर उपाशी ठेवायचं. एरॉल माझा पदर ओढत होता.

रामचंद्रराव रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे काय काय आहे. मी सांगितलं, केळी, चाफा, चिकू, आणि थोडी पानवेल. त्यांनी पानवेल कधी जवळून बघितली नव्हती. कशी करता, म्हणाले. मग मी सांगितलं, की वेल वर चढते, हात पोचेना झाला की वर्षातून एकदा उतरवायची. सगळी खाली घ्यायची, गुंडाळी करायची, बुडाशी मातीत पुरायची आणि नुसता शेंडा वर ठेवायचा. पुन्हा चढते. माझ्या सासूने लावलेली वेल अजून आहे, तिची किती गुंडाळी जमिनीत असेल देव जाणे.

ते म्हणाले, "ताई, म्हणजे तुम्ही साठ वर्षं तिला डोक्याच्या वर जाऊ दिलं नाहीत."

एरॉल हसला, त्याला घरी येईपर्यंत माझ्याकडची चकली मिळाली नाही.

मग मी तुझ्या वडाची गोष्ट काढली. नाव नाही सांगितलं. म्हटलं, आमच्या ओळखीत एक मुलगी होती. आठवीत असताना विरारच्या फुलपाड्याला राहत्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाइपाच्या फटीतून तिने वडाचं रोप उपटून आणलं. अकरा वर्षं ताटलीत वाढवलं. सहा महिने बंगळुरूला नोकरीच्या शिक्षणाला जायची होती तेव्हा तिने ते आजीच्या वाडीत ठेवलं, म्हणाली रोज पाणी घाल, बाकी काही करू नकोस. झाड सुकायला लागलं. आजीने ते ताटलीतून काढून विहिरीजवळ जमिनीत लावलं. मुलगी परत आली, बघितलं, चहासुद्धा न पिता गेली. तीन वर्षं झाली, ना गणपतीला आली ना दिवाळीला.

मला वाटलं होतं, हा फिटर आता ओरडेल. तो म्हणाला, आम्हीपण लावतो जमिनीत. खोड जाड करायचं असेल तर तीन-चार वर्षं जमिनीत मोकळं सोडतो, मग परत काढून ताटलीत घेतो. ताटलीत खोड जाड व्हायला तीस वर्षं लागतात, जमिनीत तीन. झाडाचं काही बिघडलेलं नाही.

ऐकलंस. काही बिघडलेलं नाही. जाणता माणूस सांगतोय. मी चूक केलेली नाही, जाणकार करतात तेच केलं, ते तुला समजलं नाही. हे तुला कळावं म्हणून चार पानं लिहिली.

आजी


राजोडी, ५ मार्च २०२५

काल विनयाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, आचोळ्याच्या भाजीवाल्याबद्दल दहा मिनिटं बोलली, आणि शेवटी म्हणाली, ज्ञानदाने विचारलंय, खोड किती जाड झालं.

तीन वर्षांत एक प्रश्न, तोही आईच्या तोंडून. बरं, उत्तर देते. जमिनीपासून टीचभर वर सुतळीचा एक वेढा घेतला, कापला, आणि या पाकिटात टाकला आहे. तूच मोज, मी सांगितलं तर म्हणशील आजी वाढवून सांगते. साधारण माझ्या पोटरीएवढं आहे. उंची प्रल्हादच्या डोक्याच्या बरीच वर.

आता दुसरं. प्रल्हादला ते झाड नको आहे. मुळं विहिरीच्या बांधकामात शिरताहेत, आतल्या बाजूला एक दगड सुटला तो मी स्वतः वाकून बघितला. मे महिन्यात गवंडी बोलावलाय, विहिरीला आतून सिमेंट करायचं. त्याआधी झाड तोडणार म्हणतो. मी म्हटलं, वड तोडू नये. तो म्हणाला, आई, वडाला विहीर तोडू द्यायची का. बरोबर बोलला. वर्षातून एकदा बोलतो. शेजारच्या केणींची वाडी रिसॉर्टला गेली, तिथे आता रविवारी मुंबईवाले येऊन पोहतात. आपल्याकडे पाणी ही एकच विहीर, तिच्यावर सगळी केळ उभी आहे. त्यामुळे झाड तिथे राहणार नाही. एवढं नक्की.

मी एरॉलच्या फोनवरून रामचंद्ररावांना विचारलं. ते म्हणाले, काढता येईल. आताच बुंध्याभोवती अर्धा गोल चर मारायचा, त्या बाजूची मुळं तोडायची. महिन्याने उरलेला अर्धा. एप्रिलच्या शेवटी वरचं सगळं छाटायचं, गुडघाभर बुंधा ठेवायचा आणि उचलायचं. वड चिवट आहे, फुटेल. चाफा हलवताना आपण तसंच करतो, त्यात मला शिकवण्यासारखं काही नव्हतं.

मी विचारलं, आणि पहिल्यासारखं होईल का. तुझ्या वडाची डावी फांदी खाली झुकलेली होती, पाणी प्यायला वाकलेल्या गुरासारखी, ती मी सांगितली. ते म्हणाले, ती गेली. जमिनीत गेल्यावर झाड सरळ वर जातं, खालच्या फांद्या टाकून देतं. नवीन फांदी येईल, ती नवीन असेल. दहा वर्षं धरा.

मागच्या पत्रात मी तुला सगळं लिहिलं नव्हतं. काही बिघडलेलं नाही असं ते म्हणाले, ते खरं. पण पुढेही काही म्हणाले होते. त्यांनी विचारलं, त्या आजीने लावण्याआधी मुलीला फोन केला होता का. मी म्हटलं, नाही. तर ते म्हणाले, "मग झाडाचं सोडा, ताई. दुसऱ्याच्या झाडाला विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही, हे आमच्यात पहिल्या दिवशी सांगतात." आणि मला चहा दिला. ओळखीतली आजी कोण ते त्यांना कळलं असावं. चहा बरा होता.

आजी


राजोडी, १२ मार्च २०२५

परवा मी कुदळ घेऊन गेले. प्रल्हाद वसईला गेला होता, वाडीत कोणी नव्हतं. उत्तरेकडून अर्धा गोल आखला, राखेने रेघ मारली, कुदळ उचलली. आणि लक्षात आलं की परत तेच करते आहे. चांगल्यासाठीच करते आहे, मागच्या वेळीही चांगल्यासाठीच करत होते. कुदळ परत ठेवली. त्या दिवशी जेवण गेलं नाही, पण ते उन्हामुळे असेल.

आता बसले आहे तर खरं लिहिते, म्हणजे एकदा संपेल.

तुझं झाड सुकत नव्हतं. चांगलं होतं. मी दोन दिवस पाणी घातलं नाही म्हणून पानं लोंबली, आणि लोंबली म्हणून मी म्हटलं, बघा सुकतंय. प्रल्हादला दाखवलं. त्याच्यासमोर ताटली फोडली. ती निळी होती, तू दादरहून आणलेली. तुकडे केळीच्या आळ्यात पुरले.

कारण सांगते. त्या आठवड्यात विनया म्हणाली होती, बंगळुरूहून आली की ज्ञानदा पुण्यालाच नोकरी घेणार, राजोडीला काय, विरारलाही राहणार नाही. मी बसून विचार केला. तुझ्या सामानात ओढ लावणारी वस्तू एकच, तो वड. फुलपाड्याला असताना तू त्याच्यासाठी सुट्टीत मामाकडे जायची नाहीस. ताटली उचलून नेता येते. जमिनीतलं झाड नेता येत नाही. ते इथे राहिलं तर तुला बघायला यावं लागेल, एवढंच माझं डोकं चाललं. गाय जाऊ नये म्हणून वासरू बांधून ठेवतात, तसं. ते चाललं नाही. गाय गेली ती गेली, आणि वासरू विहीर खातंय.

प्रल्हादला हे ठाऊक नाही. विनयाला नाही. तू सांगितलंस तरी ते विश्वास ठेवणार नाहीत, त्यांना वाटतं मला झाडांचा फार पुळका.

आणि बसमध्ये मला झोप लागली नव्हती. एरॉलला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं, चहाला तिथेच थांब. विनयाने तुझं घर मोबाइलवर दाखवलं होतं, तिसरा मजला, कोपरा, हिरवा पडदा. बाया चहा पीत होत्या तेव्हा मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघितलं. वर यायचं माझ्या मनात नव्हतं, तुझ्याही नसतं. तुझी बाल्कनी बघितली. कपडे वाळत होते, एक सायकल होती. कुंडी एकही नव्हती. तुळससुद्धा नाही. डाव्या-उजव्या बाजूच्या बाल्कन्यांत झाडं लटकत होती, गुजराथणींनी काय काय लावलं होतं, आणि मधली तुझी नुसती फरशी. तुझ्यासारखी मुलगी, जी पाइपातून झाड उपटून आणायची. मला वाटलं होतं मी एक झाड हलवलं. तिथे उभं राहिल्यावर कळलं की तुझा हातच थांबवला.

माफी वगैरे मी मागत नाही. माझ्या सासूने माझ्याकडे मागितली नाही, मी कोणाकडे मागायला शिकले नाही, या वयात उगाच वाकडीतिकडी येईल. पण चूक माझी होती. पंचायतीसमोर सांगायला सांगितलंस तर तिथेही सांगेन.

आता कामाचं. चर मारायचा तर तो या महिन्यात, नंतर ऊन चढलं की मुळं तोडलेली त्याला झेपणार नाहीत. तुझ्यापुढे तीन वाटा आहेत. काढायचा म्हणालीस तर रामचंद्ररावांनी सांगितलं तसं करू. कुदळ मी धरेन, पण पहिला घाव तू येऊन घालायचा, नाहीतर फोनवरून तरी सांगायचा, कुठून, किती खोल. तोडायचा म्हणालीस तर प्रल्हाद तोडेल, मी अडवणार नाही, पाचोळासुद्धा ठेवणार नाही. आणि तिसरं, दुसऱ्या कोणाला द्यायचा असेल तर रामचंद्रराव घेऊन जायला तयार आहेत, त्यांच्याकडे तो चांगला होईल, कदाचित आपल्या दोघींकडे झाला त्यापेक्षा चांगला. ठरवायचं तू. राखेची रेघ मी पुसून टाकली आहे. तोवर त्याला पाणी घालते, तेवढंच तू सांगितलं होतंस.

गवंडी एक मेला येतो. प्रल्हादला मी वीस मार्चपर्यंत थांबवलं आहे, त्यापुढे तो माझं ऐकेल असं वाटत नाही, अंगात माझंच रक्त आहे.

उत्तर विनयाकडून नको. तिच्या फोनवरून निरोप आला तर मी ऐकला नाही असं समजेन आणि भाजीवाल्याचं विचारेन. श्रीरंगकडून नको, एरॉलकडून नको. शिवी द्यायची असेल तरी चालेल, पण ती तूच लिही, तुझ्या हाताने, वीस तारखेच्या आत.

आजी